ओल्या हाताने

नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले की बारामती-इंदापूरच्या शेतचाऱ्यांत बेडूक दिसू लागतात. आमच्या लहानपणी विज्ञानाच्या तासाला त्यातलाच एखादा बरणीतून वर्गात येई. झाकणाला भोके पाडायचे कधी राहून जाई, बरणी उन्हात तापे. आम्ही वहीत आकृती काढून नावे देत असू, तोवर बेडूक उताणा झालेला असे. त्याला काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

ज्ञानासाठी मुक्या जिवाला किती त्रास द्यावा? आम्ही हा प्रश्न काढला की टोमणा ठरलेला: कुर्बानी करणाऱ्यांनी दयेच्या गोष्टी सांगू नयेत. टोमणा झोंबतो, पण तो टाळून चालणार नाही. कुर्बानीलाही अटी आहेत. सुरी धारदार हवी, ती जनावरासमोर परजायची नाही, त्याला तडफडवायचे नाही. जीव घेण्याची मुभा मिळाली म्हणून छळण्याची मिळत नाही. मग वर्गात तर जीव घ्यायचाही नसतो. पक्षिणीची पिले उचलणाऱ्या साथीदारांना पैगंबरांनी ती परत ठेवायला लावली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. तिचा धडा शाळेच्या दाराबाहेर का राहावा?

कायदाही याच दिशेने गेला आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे पोपट किंवा तारका कासव वर्गात पाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन थांबवायला सांगितले.

म्हणून मुलांनी प्राण्याला हातच लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. स्पर्शाने किळस जाते, भीती जाते. शेतातले गांडूळ घ्यावे. ते कातडीतून श्वास घेते, म्हणून हात साध्या पाण्याने ओले करावेत, उन्हात धरू नये, थोड्या वेळाने ओल्या मातीत परत सोडावे. मग साबणाने हात धुवावेत, म्हणजे जंतू पोटात जात नाहीत. मुलाची काळजी आणि गांडुळाची काळजी एकाच तासात शिकवता येते. बेडूक चारीच्या काठावर बसून पाहावा, भिगवणचे रोहित आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा लांबून.

त्या आकृतीला आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. बेडकाचा हिशेब मात्र अजून आमच्याकडे बाकी आहे.