भूमी आणि कर्ता

मनुष्याच्या ऐश्वर्याचे व दैन्याचे मूळ तो ज्या भूमीवर जन्मला त्या भूमीत शोधावे, की त्याने आणि त्याच्यावर सत्ता चालविणाऱ्यांनी जे केले व जे करावयाचे टाळले त्यात शोधावे, हा प्रश्न बहुधा भूगोलाचा म्हणून विचारला जातो. वस्तुतः तो धर्मविचाराचा प्रश्न आहे, कारण दुःखाचे उत्तरदायित्व कोणाचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते. ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खलदूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात पृथ्वीचे सात पट्टे कल्पून मधल्या समशीतोष्ण पट्ट्यांनाच संस्कृतीचे माहेर मानले. १७४८ साली माँतेस्क्यूने कायदे आणि स्वभाव यांची सांगड हवामानाशी घातली. आणि पुढे हेगेलने आपल्या इतिहासविषयक व्याख्यानांत सहारापलीकडच्या आफ्रिकेला इतिहासाच्या उंबरठ्याबाहेरच ठेवले. या तिन्ही मतांत भूमीला नियतीचे स्थान दिले गेले आहे, आणि आफ्रिकेविषयी आजही जे सहज बोलले जाते त्याच्या तळाशी हेच गृहीत असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, नाना प्रकारचे व्यापार आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ सामान्यतः केला आहे. परंतु देह ज्या मातीवर उभा राहतो आणि जिच्या अन्नावर पोसतो तिलाही हा विचार लावणे गैर ठरू नये. ही पाच कारणे समोर ठेवून आफ्रिका खंडाकडे पाहिले, तर भूमीला तिचे न्याय्य स्थान देता येते, आणि त्याहून अधिक देण्याचा मोहही आवरता येतो.

भूमीचे स्थान लहान नाही, हे आधी निःशंकपणे मान्य केले पाहिजे. सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरांच्या या खंडाला विषुववृत्त जवळजवळ मध्यावर छेदते. उत्तरेस सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरांचे सहारा वाळवंट पसरले आहे. किनारा एवढा सलग की नैसर्गिक बंदरे मोजकीच. आणि अंतर्भाग बहुतांशी पठारी असल्यामुळे अनेक मोठ्या नद्या समुद्राजवळ येताच धबधब्यांनी खाली कोसळतात. किन्शासापासून किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर निर्वेध जलमार्ग देणारी काँगो नदी किन्शासाखाली मातादीपर्यंत अशी काही फुटते की समुद्रातून आलेले गलबत तिच्यावरून वर चढूच शकत नाही. अरण्याच्या व दमट गवताळ प्रदेशाच्या विस्तीर्ण पट्ट्यात त्से-त्से माशी घोड्यांना व गुरांना रोगाने मारते, म्हणून तेथे नांगर, गाडी आणि शेणखत यांवर उभी राहणारी शेती रुजू शकली नाही आणि माल माणसाच्या डोक्यावरून वाहिला गेला. ज्याने बैलाच्या आधाराने शेती केली त्याने बैलावाचून शेती करणाऱ्याला आळशी म्हणण्यापूर्वी या माशीची कैफियत ऐकून घ्यावी.

परंतु अधिष्ठान तेच राहूनही कर्ता आणि साधन बदलताच फळ बदलते, याची साक्ष याच भूमीच्या दप्तरात आहे. उंट हे साधन हाती येताच सहारा अडसर न राहता वाहतुकीची वाट झाली : वाळवंटातील तगाझाच्या खाणींतून मिठाच्या शिळा दक्षिणेस जाऊ लागल्या, दक्षिणेचे सोने उत्तरेस येऊ लागले, आणि त्या व्यापाराच्या जकातीवर मालीचे साम्राज्य उभे राहिले. तेथील मनसा मूसा १३२४ साली हजला निघाला तेव्हा त्याने वाटेत वाटलेल्या सोन्यामुळे कैरोच्या पेठेत सोन्याचा भाव उतरला. आणि तिंबक्तू हे नगर पुढे ग्रंथसंग्रहांसाठी व विद्वानांसाठी प्रसिद्धीस आले. पूर्व किनाऱ्यावर किल्वा, मोंबासा, झांझिबार ही नगरे सहा महिने एका दिशेने व सहा महिने उलट दिशेने वाहणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा हिशेब बांधून अरबस्तान व हिंदुस्थान यांच्याशी व्यापार करीत होती. दक्षिणेत ग्रेट झिंबाब्वेच्या भव्य भिंती चुन्याचा कणही न वापरता रचल्या गेल्या. १८७१ साली त्या पाहणाऱ्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने त्यांचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला, आणि त्या तेथल्याच लोकांच्या आहेत हे १९०५ साली रँडल-मॅकायव्हर यांनी व १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाने दाखवून दिल्यानंतरही वसाहतीच्या राज्यकर्त्यांना ते रुचले नाही. या भूमीत कर्ता निपजूच शकत नाही असे एकदा ठरविले, की त्याचे कर्म समोर उभे असतानाही ते दुसऱ्याच्या नावे लिहावे लागते.

या विचाराचा एक पुरावा आपल्या दक्षिणेतच आहे. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात अरबी मुलखातून अहमदनगरास आला, आणि मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा वजीर झाला. बलाढ्य मोगली फौजांना त्याने वर्षानुवर्षे थोपविले, खडकी हे शहर वसवून त्याला नहरींनी पाणी दिले, आणि जमिनीची प्रत व पीक पाहून धारा बांधण्याची त्याची जमाबंदी मराठी मुलखाच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. ज्या रयतेच्या हिताची काळजी त्याने वाहिली तिची भाषा व तिची माती त्याच्या जन्माची नव्हती. कर्तृत्व हे जन्मभूमीने दिलेले किंवा नाकारलेले वतन नव्हे, हे त्याच्या आयुष्याने सिद्ध केले.

आता दैन्याकडे वळू. १८८४-८५ साली बर्लिनमध्ये १४ राष्ट्रांचे वकील आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ताब्याचे व व्यापाराचे नियम ठरविण्यासाठी बसले. त्यांत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८८५ पासून काँगोचे खोरे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचे झाले, आणि १८९८ साली मातादीपासून वरपर्यंत आगगाडी सुरू होऊन धबधब्यांचा अडथळा उरला नाही. भूमीचा अडसर हाच जर दैन्याचे कारण असता तर तो दूर होताच समृद्धी यावयास हवी होती. प्रत्यक्षात त्या रुळांवरून रबर बाहेर गेले, आणि ते गोळा करण्याची सक्ती, ओलीस धरलेल्या बायका व तोडलेले हात हे रयतेच्या वाट्यास आले. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशाची सुमारे ७ टक्केच जमीन राखली. त्या तोकड्या जमिनीवर झालेली गर्दी आणि धूप पाहून पुढे कोणी मातीला नापीक म्हटले, तर त्यात मातीचा अपराध कोणता?

हिऱ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातील अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होत होती; दुसऱ्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. तो मुलूख अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीचा. तरीही खनिजांचा हक्क जमातीकडे न ठेवता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आला, आणि त्या उत्पन्नातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. सिएरा लिओनमध्येही हिरे होते. ते नद्यांच्या रेतीत विखुरलेले असल्यामुळे त्यांवर पहारा ठेवणे कठीण होते, हा भूमीचा भाग खरा. परंतु त्या हिऱ्यांच्या मोबदल्यात शस्त्रे घ्यावयाची की शाळा बांधावयाच्या, हा निर्णय नदीने घेतला नव्हता, आणि १९९१ पासून २००२ पर्यंत चाललेल्या यादवीचा जाब तिला विचारता येत नाही.

कर्ता म्हणजे केवळ राजे आणि अध्यक्ष असेही नव्हे. बुर्किना फासोच्या उत्तर भागात १९८० नंतरच्या दशकात याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने जुन्या 'झाय' पद्धतीत सुधारणा केली : कोरड्या ऋतूत कठीण झालेल्या जमिनीत खड्डे घ्यावयाचे, त्यांत शेणखत घालावयाचे, त्या खताकडे ओढल्या गेलेल्या वाळवीने माती पोखरून सच्छिद्र करावी आणि पहिल्या पावसाचे पाणी वाहून न जाता तेथेच मुरावे. ज्या भूमीला मृत मानून लोक सोडून जात होते तिच्यात ज्वारी-बाजरी उभी राहिली, आणि मागाहून वृक्षही वाढले. पाऊस कमी पडतो हे दैव; जो पडतो तो कोठे जिरवावयाचा, हा मनुष्याचा व्यापार.

दैव गीतेने नाकारलेले नाही, पण ते पाचवे सांगितले आहे. त्याला पहिले करून उरलेल्या चौघांना मोकळे सोडण्याची प्रवृत्ती आपल्याकडेही प्रबळ आहे. अमक्या रुक्ष भूमीत जन्म येणे हे प्रारब्धाचे फळ, असे म्हणणारा भाविक आणि तो हवामानाचा परिणाम, असे म्हणणारा विद्वान हे दोघेही एकाच ठिकाणी येऊन थांबतात : उपासमार घडविणाऱ्या मनुष्याचे नाव घेण्याची वेळ येते त्याच्या एक पाऊल अलीकडे. १९८४ साली इथिओपियात अवर्षण होतेच. पण त्याचा दुष्काळ आणि दुष्काळाचा संहार होण्यास तेव्हाचे युद्ध आणि तेव्हाच्या राजवटीचा कारभार कारण झाला, हे सांगितल्यावाचून त्या मृत्यूंचा हिशेब पुरा होत नाही.

पाच कारणे सांगितल्यानंतर लगेच गीता बजावते, की केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला सत्य दिसत नाही. हा इशारा दुर्बलांपेक्षा समृद्धांना अधिक लागू आहे. सुपीक खोरी, खोल बंदरे आणि रोगमुक्त गुरे लाभलेल्यांनी आपल्या वैभवाचे सारे श्रेय स्वतःच्या गुणांना द्यावे आणि दुसऱ्याच्या दैन्याचा सारा दोष त्याच्या भूमीला द्यावा, हा न्याय नव्हे. स्वतःविषयी बोलताना अधिष्ठानाचे ऋण आठवावे आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना त्यातील कर्ता शोधावा, ही दोन्ही पथ्ये एकत्र पाळली तरच भूगोलाचे ज्ञान धर्माच्या उपयोगी पडते. भूमीवर खटला चालविता येत नाही. ज्याला वेगळे वागणे शक्य होते त्याच्यावरच तो चालविता येतो, आणि त्या यादीत कधीकधी आपलेही नाव असते.