तापमान कोणाचे?

ट्यूबलाइट कितीही वेळ जळत असली तरी तिची काच साधारण 40 अंश सेल्सिअसच्या फारशी वर जात नाही. आत मात्र पाऱ्याची अतिविरळ वाफ आणि थोडा आर्गॉन यांच्यामधून मोकळे इलेक्ट्रॉन धावत असतात, आणि त्यांचे तापमान 11,000 केल्व्हिनच्या आसपास भरते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट. मग नळीतला हा प्लाझ्मा गरम म्हणावा की कोमट? प्रश्न भौतिकीचा दिसतो, पण गुण द्रव्याच्या ठायी राहतो या वैशेषिक तत्त्वज्ञांच्या सिद्धान्ताशी त्याची थेट गाठ आहे. त्यांच्या मते उष्ण स्पर्श हा तेजाचा गुण. पाणी स्वभावतः शीतच, तापलेल्या पाण्याचा चटका त्यात शिरलेल्या तेजाच्या कणांचा. माझे म्हणणे असे की तापमान या चौकटीत मावत नाही. ते घटकांच्या आपसांतल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीतून घडते, आणि ती देवाणघेवाण अपुरी पडली की एकाच जागी दोन तापमाने नांदू शकतात.

विद्युतक्षेत्राची ऊर्जा मुख्यतः हलक्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येते. पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनच्या साडेतीन लाखांहून अधिक पट जड. साध्या टकरीत त्याला सरासरी ऊर्जेचा लाखावा हिस्साही मिळत नाही. दाब वाढवला की टकरी वाढतात आणि इलेक्ट्रॉनांचे व वायूचे तापमान जवळ येते. वेल्डिंगच्या आर्कमध्ये वायूही हजारो अंशांवर पोचतो. यावर वैशेषिक म्हणेल, हे तर माझ्याच पथ्यावर पडले: इलेक्ट्रॉन हे तेज, अणू हे पाणी. आक्षेप वजनदार आहे. पण एकट्या इलेक्ट्रॉनला वेग असतो, ऊर्जा असते, तापमान नसते. ते समूहाचे, आणि काटेकोर अर्थाने तेव्हाच, जेव्हा समूहात ऊर्जेची वाटणी एका ठरावीक रीतीने झालेली असते. कमी दाबात ही वाटणीही बिघडते. सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन अणूंना उत्तेजित करण्यात ऊर्जा गमावतात आणि त्यांची संख्या अपेक्षेहून घटते. म्हणजे ते 11,000 सुद्धा इलेक्ट्रॉनांच्या समूहाचे ढोबळ वर्णनच.

मग तापमान ही नुसती बोलण्याची सोय ठरते का? इथे चिपच्या कारखान्याची साक्ष काढावी लागते. सिलिकॉनच्या चकतीवर नक्षीसाठी रेझिस्ट नावाचा जो थर चढवतात, तो काही शे अंशांतच खराब होतो. चकती कोरण्यासाठी केवळ उष्णतेने फ्लोरिनयुक्त वायूचे रेणू फोडायचे, तर त्याच्या कितीतरी पट तापमान लागेल. काही पास्कल दाबाच्या प्लाझ्मात मात्र तापलेले इलेक्ट्रॉन रेणू फोडतात, वायू थंडच राहतो आणि रेझिस्ट शाबूत. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी 1983 मध्ये मांडले होते की ज्या इलेक्ट्रॉनांचा फवारा मारून दुसऱ्या वस्तूत बदल घडवता येतो, ते खरे मानावेत. त्यांची कसोटी वस्तूंसाठी होती. ती घटकांमधल्या संबंधांनाही लागू का करू नये? इथे दाब बदलून टकरींचा संबंधच हाताळला जातो, आणि त्याचा परिणाम चकतीवर दिसतो. चकतीलगतच्या पातळ थरातले विद्युतक्षेत्र आयनांना सरळ खाली खेचते, म्हणून कोरलेल्या चरांच्या भिंती उभ्या राहतात. दाब वाढवला, की त्या थरातच आयन वायूच्या रेणूंवर आदळून तिरके होतात, आणि भिंतींचा उभेपणा बिघडतो.