परवाना आणि वस्तीची हरकत

डान्स बारना महाराष्ट्रात विरोध झाला तो दोन वेगळ्या गाऱ्हाण्यांतून. एक शेजारपाजारचे: अपरात्रीचा गोंगाट, रस्त्यावरची भांडणे, घरचा पैसा बारमध्ये उधळला जाणे. दुसरे नीतीचे: असा नाच कुठेच नको. मार्च 2005 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी हा प्रश्न विधानसभेत मांडला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली, आधी मुंबईबाहेर आणि मग साऱ्या राज्यात. मात्र मुंबई पोलीस कायद्याच्या नव्या कलम 33 ब ने तीन वा अधिक तारांकित हॉटेलांना सूट दिली. बीअर बारमधला नाच अश्लील आणि तारांकित हॉटेलातला सभ्य, हा भेद न्यायालयात टिकणे अवघडच होते. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. हजारो नर्तकींची रोजीरोटी तोवर बुडालीच होती.

2016 च्या कायद्याने बंदीऐवजी परवाना आणला, पण अटी अशा की परवाना मिळणे दुरापास्त. शाळा वा प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर अंतर हवे, ही त्यातलीच एक. मुंबईत अशी जागा शोधून सापडणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची मर्यादा मात्र राहिली. शेजाऱ्यांच्या झोपेशी संबंध असलेली अट टिकली, आडून बंदी आणणारी पडली.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी शेजारपाजारचे हे गाऱ्हाणे सहसा देशी दारूच्या दुकानाविरुद्ध वा परमिट रूमविरुद्ध उभे राहते. तिथे कायद्याने वस्तीच्या हाती काही दिले आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातील वा वॉर्डातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली तर दुकान बंद. मतदानाला न आलेली बाई यात दुकानाच्याच बाजूने मोजली जाते, ही अट जाचकच म्हणायची.

नाचाच्या परवान्याला असे मतदान नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 2009 च्या कायद्याने लॅप डान्सिंग क्लबचा परवाना परिसराच्या स्वरूपाला न शोभणारा म्हणून नाकारण्याची मुभा स्थानिक कौन्सिलांना दिली. केवळ नीतीच्या कारणावरून नकार तिथेही चालत नाही.