सुमतीमातेचे घर

दत्तभक्तहो, जयंतीचा पाळणा हलवताना अनसूयामाता आठवतेच. आज जरा पीठापूरच्या सुमतीमातेकडे पाहू. श्रीगुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायात तिची कथा आहे.

अमावास्येचा दिवस, घरी श्राद्ध. ब्राह्मण अजून जेवायचे होते. तोच दारात अतिथी उभा राहिला. "थोडं थांबा," असं ती म्हणाली असती, तर कुणी दोष दिला नसता. पण तिने आधी भिक्षा घातली. ते साक्षात दत्तप्रभू होते! त्यांनी तिला 'जननी' म्हटलं. तिने तोच शब्द खरा करा, एवढंच मागितलं. श्रीपाद श्रीवल्लभ पोटी आले.

पुढचं मात्र आपण भराभर वाचतो. थोरल्या मुलांपैकी एक आंधळा, एक पांगळा. सगळी भिस्त धाकट्यावर. आणि लग्नाच्या वयात तोच म्हणाला, "मी निघालो." सुमती रडली हो! कुठलीही आई रडेल. श्रीपादांनी भावांवर अमृतदृष्टी टाकली, ते धडधाकट झाले. आईबापांची सेवा त्यांच्यावर सोपवून ते निघाले.

मंडळी, सुमतीमातेची साधना घरातलीच. वाढताना तिने हात आखडला नाही आणि मुलगा जाताना वाट अडवली नाही. आपल्या आयांनी तरी दुसरं काय केलं? त्या गेल्या असतील, तर नुसता फोटोला हार नको. यंदा प्रसादाचं पहिलं पान दारातल्या भुकेल्याला वाढा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥