उत्तरपत्रिकेतले ज्ञान कोणाचे?

बारावीच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थी जे लिहून येतो, ते त्याला कळलेले असते, की त्याने ते नुसते ऐकून ठेवलेले असते? प्रश्न शिक्षणाचा वाटतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. ज्ञान कोणत्या मार्गांनी होते याचा विचार करताना न्यायदर्शनाने चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सादृश्यावरून ओळखणे) आणि शब्द (दुसऱ्याचे विश्वासार्ह सांगणे). चार्वाकांनी एकटे प्रत्यक्ष मानले. वैशेषिकांनी आणि बौद्ध तार्किकांनी शब्दाला स्वतंत्र स्थान न देता त्याला अनुमानातच धरले. हा वाद शतकानुशतके चालला, कारण दुसऱ्याने सांगितलेले आपण खरे धरतो तेव्हा आपल्याला नेमके काय कळलेले असते, हे ठरवणे सोपे नाही. आज हाच प्रश्न परीक्षेच्या तयारीत पुन्हा उभा राहतो. माझे म्हणणे असे की, शब्दाने मिळालेले ज्ञान अनुमानापर्यंत नेणे हे विद्यार्थ्याचे नैतिक कर्तव्य आहे. ते टाळले तर विज्ञानाचे नुकसान होते, आणि श्रद्धेचेही तितकेच होते.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने हे गाव नावारूपाला आले. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. गावाभोवती ऊस आहे, आणि आषाढीला तुकोबांची पालखी अकलूजहून बोरगावकडे जाते ती याच वाटेने. जीवशास्त्र आणि परमार्थ दोन्ही इथे दाराशी आहेत. तरीही अकरावी-बारावीचा विद्यार्थी सी-फोर वनस्पतींचे उदाहरण म्हणून ‘मका, ऊस’ असे पाठ करतो, तेव्हा त्या दोन शब्दांचा बांधावरच्या पिकाशी संबंध जोडलेला असतोच असे नाही. उसाच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडला जातो तेव्हा आधी चार कार्बनांचे आम्ल तयार होते, ही गोष्ट १९६० च्या दशकात उसावरच्याच प्रयोगांतून पुढे आली. हवाई बेटांवरच्या संशोधकांनी पानाला किरणोत्सारी कार्बन देऊन त्याचा माग काढला आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये तो सगळा मार्ग मांडला. तसेच बेण्याचे. कांडीपासून लावलेला ऊस मूळ उसाचीच जनुके घेऊन वाढतो, म्हणून एका रोगाला उसाचे एक बेट बळी पडले तर त्या जातीचा सगळा फड धोक्यात येतो. शेतकरी बेणे बदलतो, त्रिस्तरीय बेणेमळ्याची काळजी घेतो, त्यामागे हेच कारण आहे. पुस्तकात शाकीय पुनरुत्पादनाचा धडा आहे, शेतात त्याचा पुरावा आहे, आणि दोहोंच्या मध्ये फक्त एक विचार करायचा राहिलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सतरा वर्षांच्या मुलाने प्रत्येक विधान स्वतः तपासावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. किरणोत्सारी कार्बन त्याच्या हाती येणार नाही, डीएनएची रचना तो डोळ्यांनी पाहणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच शब्दप्रमाणाला तुच्छ लेखता येत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा आपल्या विषयाबाहेरच्या बहुतेक गोष्टी इतरांच्या सांगण्यावरूनच मानतात. पण न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण म्हणताना अट घातली: सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवली आहे. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. विश्वास जन्मावर किंवा पदावर ठेवायचा नसतो, माणसाने ती गोष्ट कशी जाणली यावर ठेवायचा असतो. मेंडेलने वाटाण्यांच्या पिढ्या मोजल्या आणि आकडे मांडले, म्हणून तो आप्त. तेव्हा विद्यार्थ्याने प्रयोग पुन्हा करावा असे कोणी म्हणत नाही. प्रयोग कसा झाला आणि त्यावरून निष्कर्ष कसा निघाला, एवढे त्याला ठाऊक असावे. तेवढे ठाऊक असले की ऐकीव गोष्ट ज्ञान होते. ते नसेल तर उत्तर बरोबर असूनही ते परक्याचेच राहते.

जीवशास्त्राचा गाभा अनुमानात आहे, आणि नेमके तेच आपण शिकवायचे विसरतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण जाणतो, हे न्यायग्रंथांतले नेहमीचे उदाहरण. श्रीपूरच्या माणसाला त्यासाठी डोंगर शोधावा लागत नाही. गळीत हंगामाच्या तोंडावर धुराड्यातून धूर निघाला की बॉयलर पेटला, हे त्याला कारखान्यात पाऊल न टाकता कळते. आता याच्याशेजारी एक अलीकडची घटना ठेवू. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादमध्ये डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे असेही सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, आणि पूर्वजांनीही तसे लिहून किंवा सांगून ठेवलेले नाही, हा त्यांचा आधार होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हरकत घेतली. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळायला सांगितले. सिंह यांच्या युक्तिवादाकडे न्यायदर्शनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यातली उणीव लगेच दिसते. पाहिले नाही, म्हणजे प्रत्यक्ष नाही. पूर्वजांनी सांगितले नाही, म्हणजे शब्द नाही. मधले अनुमान मात्र गाळलेलेच आहे, आणि उत्क्रांतीचा सगळा पुरावा तिथेच आहे.

तो पुरावा कसा असतो याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. आजच्या माकडाचा माणूस झाला असे उत्क्रांतीचा सिद्धान्त म्हणतच नाही. माणूस आणि मोठे वानर यांचा पूर्वज एक होता असे तो म्हणतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत २४. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? दोन गुणसूत्रे टोकाशी टोक लागून जोडली गेली असतील, तर एरवी फक्त टोकाला आढळणारी डीएनएची खूण जोडलेल्या गुणसूत्राच्या आतल्या भागात सापडायला हवी. १९९१ मध्ये ती माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सापडली. ती जोडणी होताना कोणी पाहिली नव्हती, पण तिची खूण मागे राहिली होती. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. धडा पुस्तकात असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याने हा धडा केवळ पाठ केला, त्याच्यापाशी पुस्तकाचा शब्द आहे. उद्या एखादा अधिकारी माणूस उलट शब्द घेऊन आला, तर दोन शब्दांपैकी कोणता खरा हे ठरवायला त्याच्याजवळ काहीच नाही. तो मोठ्या आवाजाच्या बाजूने जाईल.

धार्मिक घरांतून दुसरा आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. मुलाने प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ म्हणायला सुरुवात केली तर देवघरापाशी तो थांबेल का, अशी ती भीती आहे. या भीतीला परंपरेनेच उत्तर दिलेले आहे. श्रुतीला सर्वोच्च मानणाऱ्या शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात सांगितले की, अग्नी थंड आहे असे शेकडो श्रुतिवाक्यांनी म्हटले तरी ती वाक्ये त्या बाबतीत प्रमाण ठरणार नाहीत. जे प्रत्यक्ष-अनुमानाने कळते ते सांगणे हे श्रुतीचे कामच नव्हे. अग्नी उष्ण आहे की थंड, श्वसन कसे चालते, सजीवांच्या जाती कशा निर्माण झाल्या, हा सगळा प्रांत पाहण्याचा आणि तर्काचा आहे. कसे जगावे, कोणापुढे नम्र व्हावे, दुःख कसे पेलावे हा प्रांत वेगळा. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाचा विठ्ठल गुणसूत्रांच्या संख्येवर अवलंबून नाही, म्हणून गुणसूत्रे मोजल्याने तो हरवतही नाही. श्रद्धेला धोका होतो तो तिला नको त्या प्रांतात उभे केल्याने. तिथे ती हरणारच, आणि मुलाला वाटेल की सगळीच हरली.

तिसरा आक्षेप पाठांतराच्या बाजूने आहे. वेद पाठांतराने टिकले, हरिपाठ घराघरांत मुखोद्गत आहे, मग जीवशास्त्राच्या व्याख्या पाठ केल्या तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. पाठ करायलाच हव्यात. पेशीविभाजनाच्या अवस्था तोंडपाठ नसतील तर त्यांच्यावर विचार कसा करणार? पण पाठांतर करणाऱ्या परंपरेने पाठांतराला शेवट मानले नव्हते. उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो त्यात श्रवणानंतर मनन येते आणि मग निदिध्यासन, म्हणजे अखंड चिंतन. कीर्तनातही हेच आहे. सगळ्यांना पाठ असलेला अभंगच कीर्तनकार निरूपणाला घेतो. त्याचा अर्थ सोडवतो, दृष्टान्त देतो, प्रमाणे देतो. नुसता अभंग म्हणून तो खाली बसला तर श्रोते त्याला कीर्तन म्हणणार नाहीत. मनन वगळून परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी परंपरा पाळत नाहीत, ते तिचा अर्धा भाग टाकून देतात. त्यात विज्ञान शाखेचे माध्यम इंग्रजी असल्याने, मराठी शाळेतून आलेल्या मुलाला परक्या भाषेतले वाक्य न समजताच पाठ करण्याचा मोह अधिक होतो. त्याने तीच गोष्ट एकदा मराठीत स्वतःला समजावून सांगितली, तरी मननाला सुरुवात होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आणि सर्वांत जड आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीचा एक जातो. वैद्यकीयच्या जागा थोड्या आणि इच्छुक प्रचंड. अल्पभूधारकाच्या मुलीला मननाचा उपदेश करणे म्हणजे भरल्या पोटाने बोलणे नव्हे का? या आक्षेपातले सत्य मान्य केले पाहिजे, आणि त्याबरोबर सामायिक परीक्षेचे नैतिक मोलही. श्रीपूरच्या मुलीला आणि पुण्याच्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका मिळते, तपासणाऱ्याला नाव-गाव ठाऊक नसते, ही समता क्षुल्लक नाही. ती टिकलीच पाहिजे. पण समतेसाठी प्रश्न सारखे असावे लागतात, उथळ असावे लागत नाहीत. मंडळाच्या परीक्षेत ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, नीटमध्ये ‘विधान आणि कारण’ असे प्रश्न येतात. दोन्ही अनुमानाचेच प्रश्न आहेत. अपेक्षित प्रश्नसंचातली तयार कारणे घोकली की ते पुन्हा शब्दाचे होतात, हा दोष तयारीचा आहे. बारावीला लेखी ७० गुणांबरोबर प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत. ते प्रत्यक्षाचे गुण आहेत, आणि जर्नल दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून मिळवले तर ती चोरीच. उसाच्या पानाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर शिरांभोवतीची पेशींची कडी दिसतात. एवढे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. समजून अभ्यास केल्याने गुण वाढतीलच असे वचन मी देणार नाही. पण जो उद्या डॉक्टर होणार आहे, त्याला रुग्णाच्या लक्षणांवरून रोग ओळखायचा आहे. ते काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अनुमानाचेच आहे.

म्हणून पेपर संपल्यावर उत्तरसूची घेऊन गुण जुळवण्याआधी विद्यार्थ्याने आणखी एक पडताळणी करावी. आपण लिहिलेल्या प्रत्येक उत्तराला कोणी ‘कशावरून?’ असे विचारले असते, तर किती उत्तरे टिकली असती? जी टिकली असती ती आपली, बाकीची उसनी. उसने असणे हा गुन्हा नाही, पण ते आपले म्हणून मिरवणे असत्य आहे, आणि सत्याचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही धर्माला ते मान्य होणार नाही. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच: मुलाला किती धडे झाले हे जरूर विचारा, आणि प्रत्येक धड्यातली एक तरी गोष्ट माणसाला कशी कळली, हेही त्याच्याकडून ऐकून घ्या.