परतलेल्या सैनिकाचे ओझे

सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेल्या पुरुषाचा सत्कार कसा करावा, हे आपल्या समाजास शिकवावे लागत नाही. शाल, श्रीफळ, देवदर्शन आणि दोन गौरवपर भाषणे, एवढे सर्व यथासांग पार पडते. परंतु दोन-तीन वर्षांनी तोच गृहस्थ उत्सवाच्या पंगतीत दिसतो. अंग सुटलेले असते, धाप लागत असते. तेव्हा कोणीतरी हसत म्हणतो, "काय हवालदार, पेन्शन मानवलेली दिसते!" पंगत हसते, हवालदारही हसतात. त्या हसण्यामागे काय दडलेले असते, हे मात्र कोणी विचारीत नाही. वाढलेले शरीर हा त्या मनुष्याचा नैतिक दोष समजावा काय, आणि समजल्यास त्या दोषाचे वाटेकरी कोण, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. या रेजिमेंटची परंपरा १७६८ सालापासूनची. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या भागांत सैनिकाचे घर नाही असे गाव विरळा. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका नाही. जवानास १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि बहुधा चाळिशीच्या आसपास तो घरी येतो. इतर लोक ज्या वयात स्थिरावतात, त्या वयात त्याचे एक आयुष्य संपलेले असते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर सेवाच चार वर्षांची ठरली; म्हणजे याहूनही तरुण वयात परतणारे पुष्कळ असणार.

प्रथम शरीराचा विचार करू. पहाटेची दौड, कवायत, पाठीवर सामान घेऊन केलेली चाल, यांस पुरेल एवढे अन्न घेण्याची सवय त्या देहास जडलेली असते. निवृत्तीच्या दिवशी श्रम थांबतात. भूक थांबत नाही. त्यात जुन्या दुखापतींनी गुडघे व कंबर धरलेली. अमेरिकेतील सैनिकांच्या अभ्यासांतही सेवामुक्तीच्या सुमारास वजन अधिक वेगाने वाढते, आणि मानसिक आघात व खिन्नता यांनी ग्रासलेल्यांत ही वाढ अधिक आढळते, असे दिसून आले आहे.

यावरून शरीर व मन यांचे हिशेब निराळे नाहीत, हे ध्यानी येते. झोप मोडली की भूक वाढविणारे रस शरीरात वाढतात. खिन्न मनुष्य अंथरुणातून उठत नाही. उठत नाही म्हणून जड होतो. जड झाला म्हणून लोकांत जाण्यास लाजतो. आणि लाजेने पुन्हा खिन्न होतो. कित्येकदा कँटीनची बाटली या चक्रास आणखी गती देते. मनोविकारांवरील काही औषधांनीही वजन वाढते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता वैद्यांस सांगावयाचे असते. रणातील भय पुढेही मनास छळते, या अवस्थेस १९८० साली अमेरिकन मनोवैद्यांनी आपल्या अधिकृत व्याधिसूचीत स्वतंत्र स्थान दिले. दुःख मात्र पुरातन आहे.

महाभारताकडेच पाहा. अठरा दिवसांचे युद्ध संपले, जय मिळाला, आणि शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर शोकाने खचून राज्य टाकून वनात जाऊ पाहतो. भीमाने त्यास कठोर शब्द ऐकविले, द्रौपदीनेही बोल लावले. परंतु त्यास एकट्याला सोडून कोणी निघून गेले नाही. बंधू, व्यास, श्रीकृष्ण सर्व त्याच्यापाशी बसले, आणि अखेर त्यास शरशय्येवरील भीष्मांकडे नेले. विजयी राजाच्या मनासही एवढ्यांचा आधार लागला.

यावर कोणी म्हणेल, "शरीर त्याचे, संयमही त्यानेच करावा, शिस्त काय ती सैनिकास सांगावयाची?" या आक्षेपात तथ्य आहे. आपला घास आपणच आवरावयाचा असतो, आणि ते कर्तव्य सैनिकाचेही सुटत नाही. परंतु शिस्त ही ठेवीप्रमाणे पेटीत भरून घरी आणता येत नाही. पहाटे त्यास उठविणारा बिगुल होता, शेजारी धावणारे सोबती होते, आपली कोणास तरी गरज आहे ही जाणीव होती. त्याचा संयम एका समुदायाने तोलून धरला होता. तो समुदाय सुटला, आणि त्याच्या जागी आपण काय दिले? शाल, श्रीफळ आणि थट्टा.

म्हणून आमच्या मते या दोषात आपणही वाटेकरी आहो. पंगतीत त्याच्या पानावर आग्रहाने कुंद्याचा तिसरा तुकडा वाढणे ही माया खरी. परंतु जी माया केवळ पानावरच वाढली जाते ती अपुरी होय. त्यास पहाटेच्या फेरीस हाक मारावी. पालखीची व्यवस्था, मुलांचा व्यायामवर्ग, उत्सवाचा हिशेब, असे काही खरे काम त्याच्या हाती द्यावे. तो बोलेल तेव्हा युद्धकथा मागू नयेत. गप्प बसेल तेव्हा उठून जाऊ नये. झोप उडाली, मद्य वाढले किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर विलंब न करता वैद्यांकडे न्यावे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तसेच २०२२ पासून टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणासही अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मनाचा उपचार घेणे यात कमीपणा नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः मानावे.

सीमेवर असताना त्याने आपले ओझे वाहिले. घरी आल्यावर त्याचे ओझे पाहून हसणे सोपे आहे. त्यास खांदा देणे हेच उचित होय. यंदाच्या उत्सवात आपल्या शेजारी असा कोणी बसला, तर वजनाचा विषय न काढता एवढेच विचारावे : "उद्या पहाटे फिरावयास येता काय?"