वास गेला, पण मूळ?

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, तो बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते, आणि विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या त्या बोगद्यावर आहेत. पाणी मुळापासूनच स्वच्छ राहील अशी वाट त्या लोकांनी त्याला करून दिली. घाण झालेले पाणी मागाहून गाळता येतेच. मग या दोन रीतींत नीतीच्या दृष्टीने काही अंतर आहे काय? हा प्रश्न एका दूरच्या उदाहरणाने तपासू.

द्राक्षमद्याच्या बाटलीचे बूच ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचे असते. पोर्तुगालात ही साल साधारण दर ९ वर्षांनी काढतात. कधीकधी बाटली उघडताच ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. आपल्यापैकी पुष्कळ जण मद्याला शिवत नाहीत, आणि कित्येक मंडळ्यांत प्रभुभोजनालाही न आंबवलेला रसच वापरतात. तरी या वासाची हकिकत आपल्या उपयोगाची आहे.

१९८१ साली स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वासाचे कारण दाखवून दिले. त्या द्रव्याचे नाव ट्रायक्लोरोॲनिसोल. एका लिटरात ते काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या काही पट, असले तरी चव बिघडते. बुचे पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून पूर्वी ती क्लोरिनने धूत. त्यातून होणारे विषारी द्रव्य बुरशीला बाधते, म्हणून बुरशी त्याचे रूप पालटते. तिचा बचाव होतो, आणि वास दुसऱ्याच्या पेल्यात उतरतो.

हा वास काढताही येतो. ते द्रव्य तेलकट स्वभावाचे असल्यामुळे पॉलिथिनसारख्या पॉलिमरला जाऊन चिकटते. कडक दारूत मद्यार्क अधिक, म्हणून तेथे हे काम जड जाते. शिवाय दोषाबरोबर थोडा चांगला सुगंधही शोषला जातो.

असे सुधारलेले मद्य विकणे ही फसवणूक होय काय? आम्हाला वाटते, दोष काढण्यात पाप नाही. पण तळघरातील बुरशी आणि धुण्याची रीत जशीच्या तशी ठेवून दरवर्षी नुसता वास काढीत राहणे, हा दोषाचा पुरावा पुसण्याचा उद्योग ठरतो. पुष्कळ बूचवाल्यांनी पुढे क्लोरिनचा वापर सोडला, ही खरी सुधारणा झाली.

आपल्याकडे काय होते? मंडळीच्या हिशेबात तूट आली की आपण वर्गणी काढून ती भरतो. तूट कशी आली हे विचारणे मात्र अवघड वाटते. शब्बाथशाळेत मूल खोटे बोलले की त्याच्याकडून क्षमा मागवतो. खरे सांगायला ते का भ्याले, हे विचारायचे राहून जाते. क्षमा आणि भरपाई हव्यातच. पण तेवढ्याने मूळ उपटले जात नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. २०१३ साली जपानातील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की, हे द्रव्य नाकातील वास घेणाऱ्या पेशींचे कामच मंद करते. स्वतःचा वास देण्याबरोबर ते इतर वासही दाबून टाकते. ज्या घरात रोजच कुबटपणा आहे, त्या घरच्यांना तो जाणवेनासा होतो. अशा वेळी नवखा पाहुणा, नवी सून किंवा वर्गातले लहान मूल जे बोलून जाते ते कडू लागते. त्याला गप्प करण्याची घाई करू नये. आपल्या नाकाला जे कळत नाही, ते त्याच्या नाकाला कळत असेल.